डाव्या हाताची करंगळी

मागच्या महिन्यात आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्याशा आश्रमशाळेची बातमी आली. मुलं आजारी पडली होती आणि कारण कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कारणांचा ढीग झाला. कुणी पाणी म्हणालं, कुणी भाजीवरची फवारणी, कुणी मोबाईलचा टॉवर. मीही माझं कारण टाईप केलं. चांगलं लांबलचक, शास्त्रीय शब्द घालून. विज्ञानाच्या शिक्षकानं नाही लिहायचं तर कुणी लिहायचं? पाठवणार तेवढ्यात कानाशी कुणीतरी म्हणालं, "कशावरून?"

मी मुकाट्यानं सगळं खोडलं.

तो आवाज बिराजदार बाईंचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. महादेवी बिराजदार, मूळच्या मैंदर्गीच्या. बुटक्या, सावळ्या, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, अंगावर काठापदराची सुती साडी आणि अंबाड्यात खोचलेला खडूचा तुकडा. इतर बायका गजरा माळतात, बाई खडू माळायच्या. फळ्याकडे जाताना हात मागे नेऊन खडू उपसायच्या आणि तास संपला की पुन्हा खोचायच्या. शिकवायच्या मराठीत, पण मोजायच्या कानडीत. मोठी बेरीज आली की ओठ हलायला लागायचे, "ओंदु, एरडु, मूरु..." मुलांना वाटायचं बाई मंत्र म्हणतात.

त्यांचा खरा मंत्र वेगळाच होता. समोरच्यानं काहीही विधान केलं की बाई विचारायच्या, "कशावरून?" भांडायला म्हणून नव्हे. त्यांना खरोखरच उत्तर हवं असायचं आणि ते मिळेपर्यंत त्या तोंडाकडे बघत थांबायच्या. एकदा मे महिन्यात, डांबर पातळ झालेलं असताना, मी स्टाफरूममध्ये येऊन म्हणालो, "आज फार उकडतंय."

"कशावरून?"

"बाई, अहो, घाम बघा की माझा!"

"तुम्ही जिना चढून आलाव. घाम त्याचापण असेल की हो."

मी प्रयोगशाळेतून तापमापक आणून दाखवला, तेव्हा कुठं त्यांनी मान्य केलं. मुलं त्यांना 'कशावरून बाई' म्हणायची. व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की "कशावरून आली बे, पळ" अशी कुजबुज व्हायची.

पण त्यांच्या पर्समध्ये खडीसाखरेची एक डबी असायची. प्रश्नाचं उत्तर येत नसताना ज्या मुलानं इकडंतिकडं न करता "माहीत नाही बाई" असं सरळ सांगितलं, त्याला त्या एक खडा द्यायच्या. उत्तर बरोबर आलं तर काही नाही, ते तर यायलाच हवं. थाप मारली तर तास संपेपर्यंत उभं. त्यांच्या वर्गात 'माहीत नाही' ही मानाची गोष्ट होती. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो, मला एकदाही खडीसाखर मिळाली नव्हती. कारण मला नेहमी माहीत असायचं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी माने. गाव करमाळ्याकडचं जेऊर. स्वभावानंच मी अपराधी माणूस आहे. वर्गात कुणाचं पेन हरवलं तरी आपणच घेतलं असावं असं मला वाटत राहतं. बायको म्हणते, "तुम्हाला शिक्षा करायला दुसरं कुणी लागत नाही." एवढा पश्चात्ताप करणाऱ्या माणसानं बोलण्याआधी थोडा विचार करावा की नाही? तर नाही. मी आधी बोलतो, मग झुरतो.

एकदा बाईंच्या डब्यातली शेंगाचटणी कमी झाली. बाईंनी ओरडा केला नाही. स्टाफरूमच्या फळ्यावर भूमितीच्या प्रमेयासारखं लिहिलं. पक्ष : सकाळी डबा भरलेला होता. साध्य : चटणी माने सरांच्या पोटात आहे. सिद्धता : माने सरांच्या खिशावर तांबडा डाग आहे. सगळा स्टाफ हसला. मी कबूल करायला तोंड उघडलं तेवढ्यात बाईंनीच शेवटची ओळ पुसली. "डाग खिशावर आहे. खिशाला लागली म्हणजे पोटात गेली, असं होत नाही. सिद्ध झालं नाही." आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. मी चोर होतो, हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, पण पुराव्याअभावी त्यांनी मला सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुप्पट चटणी आणि कडक भाकरी आणून माझ्यासमोर ठेवली, मी खाईपर्यंत बघत बसल्या, आणि मग म्हणाल्या, "आता सिद्ध झालं."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग ती साथ आली.

नववीत लावण्या यन्नम नावाची मुलगी होती. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि दोन्हीकडे अगदी कमी बोलणारी. एका सकाळी ती वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथंच कोसळली. पाणी मारलं, शुद्धीवर आली, घरी पाठवली. दोन दिवसांनी तिच्याच वर्गातल्या आणखी दोन मुलींना चक्कर आली. हेडसर घाबरले. मला बोलावून म्हणाले, "माने, उद्या परिपाठात लक्षणं वाचून दाखवा. पोरं लपवतात, घरी जाऊन पडली तर आपल्यावर येईल. तुमचा आवाज चांगला आहे."

माझा आवाज चांगला आहे, हे खरं आहे. लोक म्हणायचे, तुम्ही रेडिओवर जायला हवं होतं. त्या सकाळी मी माईकसमोर उभा राहिलो आणि अगदी सावकाश, शब्दाशब्दावर जोर देत वाचलं, "चक्कर येणे. मळमळणे. डोळ्यांपुढे अंधारी येणे. असं कुणाला वाटत असल्यास हात वर करा."

बरेच हात वर आले. मला बरं वाटलं. आपण वेळेवर शोधून काढलं, असं वाटलं.

मी कामात कसूर करणारा माणूस नाही. दिवसभर मी आजारी मुलांजवळ जाऊन विचारायचो, "आणखी काय होतंय?" कुणी सांगायचं हात थरथरतात, कुणी म्हणायचं घसा कोरडा पडतोय. दुसऱ्या दिवशी परिपाठात तेही यादीत. मग अंगाला खाज. मग पायात मुंग्या. मी वाचत गेलो, मुलं पडत गेली, आणि मी आणखी पोटतिडकीनं वाचत गेलो. रुग्णवाहिका येऊ लागली. आरोग्य खात्याची माणसं पाणी आणि रक्त घेऊन गेली, आणि सगळं नॉर्मल असल्याचं सांगून गेली. त्यामुळे तर घबराट वाढलीच.

स्टाफरूममध्ये रोज वाद. खेळाचे गायकवाड सर म्हणायचे, खिचडी. हेडसर म्हणायचे, मागच्या गल्लीतल्या डाइंगच्या कारखान्याचा धूर. शिपाई रफिकभाई चहा ठेवता ठेवता म्हणायचे, "मेरेकू तो लगता साब, वो इमली के नीचेच कुछ तो बी है." मी म्हणायचो, पाण्याची टाकी.

"कशावरून?" बाई सगळ्यांना एकेक करून विचारायच्या.

"खिचडी सगळेच खातात की," गायकवाड म्हणाले.

"तेच तर म्हणते. सगळे खातात, मग सगळे का पडत नाहीत? आणि पोरं पडतात सकाळी. खिचडी दुपारी असते की हो."

"मग तुम्हीच सांगा काय आहे ते!"

"माहीत नाही."

"हे बरंय," गायकवाड चिडले. "आम्ही काहीतरी शोधतोय तरी. तुम्ही नुसतं खोडून काढत सुटलाय."

आपला मुद्दा सिद्ध करायला मी टाकीवर चढलो. शाळेच्या गच्चीवरून लोखंडी शिडीनं. खाली मुलं जमली होती, दोन-चार पालकही होते. मी टाकीत डोकावलो. आत एक रबरी चेंडू आणि एक चप्पल तरंगत होती. बाटलीत पाणी भरलं, हुंगलं, आणि वरूनच जाहीर केलं, "वास येतोय! रसायनाचा उग्र वास येतोय!"

खाली हलकल्लोळ. पालक महापालिकेला शिव्या द्यायला लागले. मी धापा टाकत खाली आलो. बाईंनी बाटली घेतली, हुंगली, मग माझ्याजवळ येऊन मला हुंगलं.

"सर, सर्दी झाली काय?"

"थोडी आहे. का?"

"नाकाखाली बाम लावलाव."

त्या दिवशी चप्पल कुणाची होती तेवढं मात्र नक्की कळलं. माझीच होती. मागच्या वर्षी अँटेना बघायला चढलो होतो तेव्हा पडलेली.

पण पालकांना मीच आवडायचो. ते फाटकाशी जमायचे, "कारण काय?" विचारायचे. मी त्यांना सांगायचो. रोज नवं कारण सांगायचो, तरी ते मान डोलवायचे, समोरच्या टपरीवरून मला चहा मागवायचे. बाई आल्या की तोच प्रश्न त्यांना, आणि बाई म्हणायच्या, "माहीत नाही." एकदा एक गृहस्थ ओरडले, "मग पगार कशाचा घेता?" बाई म्हणाल्या, "गणिताचा." आणि आत गेल्या.

या सगळ्यात लावण्याचं काय झालं, ते सांगायला हवं. ती पहिली पडली, म्हणून तिच्यापासून सुरू झालं, असं ठरलं. आधी मुलांनी ठरवलं, मग पालकांनी. तिच्या शेजारी बसलं की होतं म्हणे. तिचा बाक रिकामा झाला, मग पुढचा, मग मागचा. वर्गाच्या मधोमध ती एकटी, मान खाली घालून. बाईंनी ते पाहिलं. जाऊन तिच्या बाकावर तिला खेटून बसल्या आणि बसल्या जागेवरून शिकवू लागल्या. फळ्यावर लिहायचं झालं की एकेक मुलाला उठवायच्या. आठवडाभर त्यांचा तास असाच चालला.

आणि मग एका दुपारी बाई माझ्याकडे आल्या. "सर, उद्याच्या यादीत माझी एक ओळ घाला की."

"कुठली?"

"डाव्या हाताची करंगळी गार पडणे."

"डाव्याच?"

"डाव्याच. उजव्या नाही."

खरं तर त्या दिवशी मी त्यांना 'कशावरून' विचारायला हवं होतं. आयुष्यात तेवढी एक संधी आली होती. पण मला आनंद झाला. वाटलं, आल्या बाई ताळ्यावर. नवं लक्षण सापडलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ वाचली. छान वाचली. 'गार' या शब्दावर किंचित थांबलो. एरवी आमच्या शाळेत मूल करंगळी वर करून उभं राहिलं की ते कुठं निघालंय हे विचारावं लागत नाही. त्या दिवशी पहिल्या तासापासून मुलं करंगळी वर करून येऊ लागली ती सरळ स्टाफरूमकडे. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. प्रत्येकाचं बोट हातात घेऊन बघत होत्या, आपल्या तळव्यात धरून चोळत होत्या, पाठवत होत्या.

मी प्रयोगशाळेत आठवीला चुंबक शिकवत होतो. शिकवता शिकवता मला जाणवलं. आधी वाटलं, भास. मग उजव्या हातानं चाचपून पाहिलं. नाही, भास नव्हता. मी वर्ग सोडला आणि करंगळी मुठीत धरून बाईंसमोर उभा राहिलो.

"बाई, मलाही झालंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "अय्यो. तुम्हीसुद्धा?"

"हसू नका. घरी फोन करा. बायकोला म्हणावं घाबरू नकोस, पण ये."

बाईंनी माझं बोट हातात घेतलं, जसं मुलांचं घेत होत्या तसंच. म्हणाल्या, "खरंच गार आहे हो." मग हळूच म्हणाल्या, "सर, ती ओळ मी मनानं घातली होती. असा आजार जगात नाही."

हेडसरांना कळलं तेव्हा ते तडकले. "बाई, मुलांशी खोटं?"

"हो की. चूक झाली. उद्या माझं मीच सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. परिपाठात माईकची उंची कमी करून घेतली आणि म्हणाल्या, "काल सरांनी वाचलेली शेवटची ओळ मी घातली होती. ती खोटी होती. पण तुमची बोटं गार पडली, ते खोटं नव्हतं. मी हात लावून बघितलंय. नाटक कुणीच केलं नाही. घाबरलं की अंग असं करतं. माने सर तर विज्ञान शिकवतात. त्यांचंसुद्धा बोट गार पडलं."

सगळी शाळा माझ्याकडे वळली. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग पुढच्या रांगा हसल्या, मग गायकवाड, मग हेडसरही. मी हात मागे लपवला, त्यावर आणखी हसू फुटलं. त्या दिवसापासून यादी बंद झाली, परिपाठानंतर गायकवाडांनी सगळ्यांना मैदानावर खो-खोला पिटाळायला सुरुवात केली, आणि थोड्याच दिवसांत साथ सरली. सोलापुरातल्या कुठल्याही औषधानं ती बरी झाली नाही. माझ्यावर हसून बरी झाली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला आता नवं कारण सापडलं होतं आणि ते आधीच्या सगळ्यांपेक्षा झकास होतं. स्टाफरूममध्ये मीच सर्वांत मोठ्यानं म्हणालो, "म्हणजे सगळं मनाचं. मूळ ती लावण्या. तिनं सुरुवात केली, बाकीच्यांनी नक्कल केली." हेडसरांना ते पटलं. पालकांना द्यायला एक उत्तर हवंच होतं. त्यांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि मुलीला दुसरीकडे घालण्याबद्दल सुचवलं. वडील दाखला न्यायला आले. चोळामोळा झालेला शर्ट, केसांत सुताची कुसं. स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले.

"सर, आमच्या घरात आदी कुणाला असं न्हवतं," ते म्हणाले. "पोरीला नाव लागलं तर पुढं लई अवघड होतंय. आता शाळा नको. घरीच राहू दे. आईबरोबर विड्या वळंल."

लावण्या त्यांच्या मागं उभी होती. दप्तर दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

बाई तेव्हा फळ्यासमोर होत्या. त्यांनी सिद्धता लिहिली होती, आधी यादी, मग भीती, मग लक्षणं, एकाखाली एक. सगळं जुळत होतं. त्यांचाच शोध होता. आणि त्या पदरानं तो पुसत होत्या.

"काय झालं बाई?" मी म्हणालो. "बरोबर तर होतं."

"लावण्या पडली तेव्हा तुमची यादी कुठं होती, सर?"

मी बोटांवर दिवस मोजून पाहिले.

"बाकीच्या पोरी हिला बघून, यादी ऐकून पडल्या. ही कुणाला बघून, कुणाचं ऐकून पडली? ही माझ्या सिद्धतेत बसत नाही."

"अहो, एक मुलगी नाही बसली तर..."

"तर सिद्ध झालं नाही."

वडिलांना काय चाललंय ते कळेना. "बाई, तुमी सांगा. काय झालंय पोरीला?"

"माहीत नाही."

"हे मास्तर तर म्हणलेत, नाटक करती."

"कशावरून म्हणाले, ते मी त्यांना विचारलंय," बाई म्हणाल्या. "त्यांनी अजून सांगितलं नाही."

मग त्या लावण्याकडे वळल्या. "तू पडलीस त्या दिवशी कुठं होतीस गं? जिन्याच्या खाली की वर?"

"वर. चढून गेल्यावर."

"त्याआधी कधी असं झालं?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. "जिन्यात दम लागतो. रोज. म्हणून मी सगळ्यांच्या शेवटी चढते."

"आणि खो-खो?"

"खेळत नाही बाई. कधीच नाही."

बाईंनी अंबाड्यातला खडू काढला, टेबलावर ठेवला, पर्स उचलली. "दाखला राहू द्या. रिक्षा बोलवा." हेडसर म्हणाले, माने, तुम्हीही जा. मला वाटतं, मी त्यांना स्टाफरूममध्ये नको होतो.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लावण्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. पाठीला लावून ऐकलं, पुन्हा छातीला. मग वडिलांना विचारलं, "लहानपणी खूप ताप आला होता का? सांधे सुजले होते?"

"व्हय," वडील म्हणाले. "गुडघे लई सुजले होते. मग आपोआप गेलं की."

तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आकसलेली होती. जिना चढताना त्या पोरीचं काळीज काय ओढत होतं, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. औषधं लगेच सुरू झाली, पुढं झडप उघडण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल, नंबर लागेपर्यंत जपा, असं सांगितलं. व्हरांड्यातल्या बाकड्यावर वडील बसले. मी शेजारी. ते माझ्याकडे वळले. मी मास्तर होतो, चांगल्या आवाजाचा.

"सर, पोरगी वाचंल ना?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. माझ्या जिभेवर नेहमीच असतं. मी बाईंकडे पाहिलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"माहीत नाही," मी म्हणालो.

पहिल्यांदाच म्हणालो, त्यामुळे आवाज नीट लागला नाही. वडिलांनी मान हलवली आणि, का कोण जाणे, माझा हात धरला. थोड्या वेळानं बाईंनी पर्स उघडली आणि माझ्या दुसऱ्या तळहातावर खडीसाखरेचा एक खडा ठेवला.

लावण्या शाळेत राहिली. नंबर लागायला दहावीनंतरची उन्हाळ्याची सुट्टी उजाडली. दहावीचा वर्गही वरच्याच मजल्यावर होता. हेडसर वर्ग खाली आणायला तयार होते, पण तिला ते नको होतं, पुन्हा सगळे तिच्याकडे बघतील म्हणून. त्याच सुमारास बाईंचे गुडघे दुखायला लागले. रोज सकाळी जिन्याच्या मधल्या वळणावर त्या थांबायच्या, "थांब गं पोरी, माझे गुडघे," म्हणत लावण्याच्या खांद्यावर हात टाकायच्या, आणि कठड्याला टेकून मोजायच्या, "ओंदु, एरडु, मूरु..." मागची मुलं खोळंबायची. कुणीतरी म्हणायचं, "म्हातारी झाली बे कशावरून." मोजून झालं की दोघी पुढं.

मला वाईट वाटलं. मी निदान केलं : कॅल्शियमची कमतरता. बाजारातून तेलाची बाटली आणली, त्यात ओवा आणि कापूर टाकून घरी उकळलं, आणि बाईंना दिलं. "रात्री चोळून लावा. हमखास गुण."

बाईंनी बाटली घेतली. "बरं सर," म्हणाल्या.

त्यांनी 'कशावरून' विचारलं नाही.

शस्त्रक्रिया झाली. लावण्या आता एका दवाखान्यात नर्स आहे. तिच्या लग्नात मी जेवलो आणि रडलो, दोन्ही जरा जास्तच. बाई निवृत्त होऊन मैंदर्गीला गेल्या. गेल्या वर्षी ग्रुपवर मेसेज आला, बिराजदार बाईंचे दुःखद निधन. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. माझ्या हातून लिहून पाठवलं गेलं, 'कशावरून?' लगेच खोडलं, पण गायकवाडांनी वाचलं होतं. त्यांनी रात्री फोन केला.

त्या मला शेवटच्या दिसल्या त्या आधीच्या उन्हाळ्यात, एसटी स्टँडवर. मी वळसंगला नातेवाइकांकडे निघालो होतो. अक्कलकोटमार्गे मैंदर्गीला जाणारी गाडी फलाटावरून हलली आणि एक म्हातारी बाई तिच्यामागं धावताना दिसली. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या, पदर कमरेला खोचलेला, अंबाडा सुटलेला. एखाद्या पोरीसारखी धावत होती. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी थांबली न थांबली तोच एका दमात पायऱ्या चढून आत. खिडकीत तोंड दिसलं तेव्हा मी ओळखलं.

"बाई!" मी धावत गेलो. "बाई, अहो, गुडघे!"

बाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं. मला ओळखलं, आणि त्यांचा सगळा चेहरा हसला.

"तुमच्या तेलानं बरे झाले की हो सर!"

गाडी निघाली. खोटं कशाला सांगू, ती फाटकातून बाहेर वळेपर्यंत मला ते खरं वाटत होतं. छाती फुगली होती. कापराचं प्रमाण बरोबर साधलं होतं, असं मी स्वतःशीच म्हणत होतो. मग कुठं मला ते जिन्याचं वळण दिसलं, तो खांद्यावरचा हात, दम खाणारी ती पोर, आणि तिचा श्वास खाली बसेपर्यंत कानडीत सावकाश मोजणाऱ्या बाई. गुडघे बाईंचे दुखत नव्हतेच कधी. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसलो, आणि हे मला दिसायला त्यांना एसटीच्या मागं धावावं लागलं.

मी तिथंच उन्हात उभा राहिलो. फलाटावरची फरशी चपलेतूनही पोळत होती. डाव्या हाताची करंगळी मी मुठीत धरली होती. ती गार होती.